मुलीला हातगाडी ट्रेकला पाठवावं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई युटामध्ये राहतात. मुलगी पंधरा वर्षांची. शाळेतल्या मॉर्मन मैत्रिणीच्या वॉर्डाने (चर्चच्या स्थानिक मंडळीने) तिला उन्हाळ्यात वायोमिंगच्या हातगाडी ट्रेकला बोलावलंय. तीन दिवस, लांब झगा घालून, फोन घरी ठेवून, गाडी ओढत चालायचं. मुलीला जायचंच आहे. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: हे सुरक्षित असतं का, यात धर्मांतराचा काही डाव नाही ना, आणि हे आपल्या वारीसारखंच काही आहे का.

मी इथे इमर्जन्सी विभागात नर्स आहे. लॅटर-डे सेंट्स चर्चची (ज्यांना आपण सर्रास मॉर्मन म्हणतो) सदस्य नाही. पण शेजारणीच्या आग्रहाखातर एका उन्हाळ्यात त्यांच्या स्टेकबरोबर मेडिकल टीममध्ये गेले आणि तेव्हापासून बोलावणं आलं की जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वॉर्ड म्हणजे एका वस्तीतली मंडळी, आणि असे काही वॉर्ड मिळून स्टेक. ट्रेक म्हणजे १८५६ च्या सुमारास हातगाड्या ओढत पायी आलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या प्रवासाची आठवण. तो बहुधा स्टेक काढतो, दर चारएक वर्षांनी, साधारण चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी.

‘सुरक्षित असतो का’ याला एकच एक उत्तर नाही. दोनशे मुलांना घेऊन निघालेला आणि एकाच्याही पायाला मोठा फोड न येता परतलेला ट्रेक मी पाहिलाय, आणि पहिल्याच दुपारी सलाइनच्या पिशव्या कमी पडतील की काय अशी धास्ती घालणाराही पाहिलाय. वाट तीच, महिना तोच. फरक होता तो चालवणाऱ्यांच्या डोक्यात. काहींना त्या जुन्या माणसांच्या हालांचं स्मरण करायचं असतं. मग मुलांचे थोडे हाल झाल्याशिवाय त्यांना ट्रेक झाल्यासारखा वाटत नाही. काहींना त्या माणसांचं स्मरण करायचं असतं, आणि तिथे मुलं नीट जपली जातात. मुलीच्या मैत्रिणीचा वॉर्ड यातला कुठला, हे तुम्हाला शोधायचंय.

त्यासाठी मूळ गोष्ट माहीत हवी. १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली. आपल्याला युटात २४ जुलैची सुट्टी मिळते ती त्यामुळेच. पुढे इंग्लंड, वेल्स, डेन्मार्कमधून नवे अनुयायी येत राहिले, त्यांत कष्टकरी गरीबच जास्त. बैल आणि मोठ्या गाड्यांचा खर्च चर्चच्या फंडाला झेपेना, म्हणून १८५६ मध्ये हातगाडीची योजना निघाली. आयोवा सिटीपर्यंत रेल्वेने यायचं आणि तिथून जवळपास २१०० किलोमीटर पायी. पाचेक माणसांत एक गाडी, वीस माणसांत एक तंबू, आणि मोठ्या माणसाला सामान १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. कपडे, पांघरूण सगळं त्यातच. १८६० पर्यंत अशा दहा तुकड्या निघाल्या, सुमारे तीन हजार माणसांच्या. त्यातल्या आठ फार मोठा घात न होता पोचल्या. ट्रेकमध्ये गोष्ट सांगितली जाते ती उरलेल्या दोघींची, विली आणि मार्टिन यांच्या तुकड्यांची.

या दोघींचं काय चुकलं ते मला नर्स म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. लिव्हरपूलहून जहाजं उशिरा सुटली. आयोवा सिटीला पोचल्यावर कळलं की गाड्या तयारच नाहीत, त्या घाईने ओल्या लाकडाच्या केल्या गेल्या आणि मैदानी प्रदेशातल्या कोरड्या हवेत त्यांची चाकं-आस झिजू-फुटू लागले. जुलै अर्धा सरल्यावर विलीची तुकडी निघाली, मार्टिनची तर महिना संपता संपता. ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला विचारविनिमय झाला, तेव्हा लिव्हाय सॅव्हेज नावाच्या अनुभवी माणसाने स्पष्ट सांगितलं की आता निघू नका, हिवाळा इथेच काढा. त्याचं कोणी ऐकलं नाही. तरी तो त्यांच्याबरोबर गेला. वाटेत पीठ कमी पडत गेलं तसा शिधा कापत नेला. मार्टिनच्या लोकांनी ओझं हलकं करायला ऑक्टोबरच्या मध्यावर कपडे-पांघरुणं टाकून दिली, आणि दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, नॉर्थ प्लॅट नदी ओलांडताना बर्फाने गाठलं. २३ ऑक्टोबरला विलीची तुकडी बर्फात रॉकी रिज चढली आणि दुसऱ्या दिवशी रॉक क्रीकला तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरावं लागलं. दोन्ही तुकड्यांत मिळून हजाराच्या आसपास माणसं होती, त्यातली दोनशेहून जास्त दगावली.

उशिरा निघणं, कच्ची साधनं, कमी अन्न, थंडीचा अंदाज नसणं, सावध करणाऱ्याला गप्प बसवणं. आजच्या ट्रेकमध्ये एखादं मूल खरंच संकटात येतं तेव्हा कारणं याच यादीतली असतात, फक्त थंडीच्या जागी ऊन लिहा. म्हणून ‘आपल्या पूर्वजांनी सोसलं, तुम्हाला तीन दिवस सोसवत नाही?’ असं बोलणारा लीडर दिसला की माझे कान टवकारतात. त्या पूर्वजांना मारलं ते असल्याच हट्टाने.

आणि त्यांना वाचवलं कशाने? ४ ऑक्टोबरला सॉल्ट लेकमध्ये बातमी पोचली की माणसं अजून वाटेत आहेत. दुसऱ्या दिवशी चर्चची परिषद होती. यंगने व्यासपीठावरून प्रवचनाऐवजी खेचरं, गाड्या, हाकणारे आणि बारा टन पीठ मागितलं. ७ तारखेला पहिल्या गाड्या निघाल्यासुद्धा. माझ्या मते ट्रेकमध्ये गिरवण्यासारखं काही असेल तर ते हे मागे वळून जाणं. चांगले स्टेक ते गिरवतातही. एखादी गाडी मागे पडली की पुढच्या गाड्यांतली मुलं आपली गाडी थांबवून उतारावर परत धावत जातात आणि दोरी लावतात. सांगावं लागत नाही. हे मात्र बघण्यासारखं असतं.

आता वारीचं. चालणं, ऊन, सोबत, संध्याकाळी गाणं-प्रार्थना हे वरवर सारखं आहे. पण वारी ही अखंड चालू असलेली परंपरा आहे, आणि वारकरी स्वतःच्या ओढीने स्वतःच्या देवाकडे जातो. ट्रेक हा घडून गेलेल्या प्रसंगाचा प्रयोग आहे. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक मुलाला एका खऱ्या पायोनिअरचं (त्या काळी चालत आलेल्यांपैकी एकाचं) नाव लिहिलेली चिठ्ठी देतात. कोणाच्या घराण्यातलं कोणी असेल तर तेच नाव. तीन दिवस त्या नावाने चालायचं आणि शेवटच्या रात्री कळतं की ते माणूस पोचलं की वाटेत गेलं. तुमच्या मुलीलाही असं एखादं नाव मिळेल. तिच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही म्हणून ती उपरी ठरत नाही, पण आधी सांगून ठेवा, कारण त्या रात्री बरीच मुलं रडतात.

गटाची रचनाही आधी समजून घ्या. एक जोडपं ‘मा’ आणि ‘पा’ होतं, त्यांच्याकडे आठ-दहा मुलं, बहुतेक एकमेकांना अनोळखी. त्यांची एक गाडी. मुलीची मैत्रीण त्याच कुटुंबात येईलच असं नाही. बऱ्याचदा मुद्दाम वेगळं टाकतात. बाहेरून आलेल्या मुलीसाठी दोघींना एकत्र ठेवा अशी विनंती केली तर सहसा मान्य होते.

सामानाला एक पाच गॅलनची प्लास्टिकची बादली असते, झाकणासकट. त्यात मावेल तेवढंच न्यायचं, आणि पुष्कळ स्टेक वजनाची मर्यादाही १७ पौंडच ठेवतात. मुक्कामाला तीच बादली बसायला स्टूल. इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही: बादल्या गाडीत एकावर एक रचलेल्या असतात आणि वर ताडपत्री बांधलेली. इनहेलर, एपिपेन (ॲलर्जीचं तातडीचं इंजेक्शन), नेहमीची तातडीची गोळी बादलीत टाकली तर गरजेच्या वेळी ती सापडायला दहा मिनिटं जातात. ती कमरेच्या पाऊचमध्ये अंगावरच हवी, आणि दुसरा संच मेडिकल टीमकडे.

पायांचं विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ माझा तिथेच जातो. दुपारच्या मुक्कामाला मी एकेका कुटुंबाला बादल्यांवर बसवते आणि मोजे काढायला लावते. मुलं दाखवत नाहीत. ‘आय ॲम फाइन’ म्हणतात आणि बोटं आत वळवतात. टाचेच्या मागे लालसर, किंचित चमकणारा डाग असतो, अजून पाणी धरलेलं नसतं. त्या वेळी टेप लावली तर मूल तिसऱ्या दिवसापर्यंत चालतं. संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं तर कातडी सोलून येते, आणि मग लंगडताना दुसऱ्या पायाचा घोटा मुरगळतो. लायनर मोजा आत, लोकरी मोजा वर, आणि महिनाभर आधीपासून वापरलेले बूट. ‘पायोनिअर दिसावं’ म्हणून बुटांत तडजोड करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. झगा जुन्या पद्धतीचा, बूट आजचे.

झग्याबद्दल माझी तक्रार नाही. लांब बाह्यांचं सुती कापड आणि टोपडं वायोमिंगच्या उन्हात सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं. फक्त घेर घोट्याच्या वर चार बोटं हवा. जमिनीला टेकणारा झगा चढावर पायात येतो, आणि चुलीजवळ तर नकोच. आतून सायकलिंग शॉर्ट्स घाला, मांड्या घासत नाहीत.

ऊन आणि पाणी. ट्रेक जिथे होतात तो मार्टिन्स कोव्ह, सिक्स्थ क्रॉसिंग, रॉक क्रीक हा सगळा स्वीटवॉटर नदीचा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण १८०० ते २२०० मीटर उंचीवर आहे. हवा कोरडी, वारा सतत, त्यामुळे घाम आलेला कळतच नाही. रात्री जुलैमध्येही चांगलीच थंडी पडते. तासाला अर्धा लिटर पाणी हा माझा ढोबळ हिशोब, पण त्याबरोबर मीठही पोटात गेलं पाहिजे. नुसतं पाणी ढोसत राहिलेली मुलंही आजारी पडतात: डोकं दुखतं, मळमळतं, आणि भला लीडर त्यांना आणखी पाणी पाजतो. खारे दाणे, लोणच्याची फोड, ओआरएसची पुडी, काहीही चालेल. मुलीला एकच खूण शिकवा. बडबडी मैत्रीण अचानक गप्प झाली, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देऊ लागली किंवा सरळ रेषेत चालेना, की तिथल्या तिथे मोठ्या माणसाला बोलवायचं. असं मूल सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालायचा असतो, आणि ते गाडीची वाट बघण्याआधी.

लोक उन्हाला भितात, मी उताराला भिते. भरलेली गाडी चढावर नेणं हे फक्त कष्टाचं काम असतं. उतारावर तीच गाडी पुढच्या दोघांना ढकलू लागते. आडव्या दांड्याच्या आत दोन मुलं अडकलेली, मागे वजन, आणि कोणाला तरी धावायची हुक्की येते. पाय चाकाखाली जातो तो इथेच. नीट शिकवलेल्या ट्रेकमध्ये उतार लागला की गाडी थांबते, मागच्या बाजूला दोरी बांधली जाते, चार जण मागून टाचा रोवून तोलत उतरतात, आणि एक गाडी पूर्ण खाली गेल्याशिवाय दुसरी सुटत नाही. पालकांच्या सभेत मी असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता: उतारावर काय करता? उत्तर लगेच आणि तपशिलात आलं तर निम्मी काळजी मिटली. ‘मुलं मॅनेज करतात’ असं आलं तर समजून जा. दुसरं विचारा की सरावाची चाल कधी आहे. तिसरं, दुपारी विजा चमकू लागल्या तर काय. लोखंडी धाव असलेल्या गाड्या सोडून पांगायचं आणि सपोर्टच्या मोटारींत बसायचं, हे ठरलेलं हवं. मोबाइलची रेंज तिथे बेभरवशाची, मार्टिन्स कोव्हपासून कॅस्परचं मोठं हॉस्पिटल तासाभरावर, तेव्हा मागे-पुढे मोटार आणि रेडिओ आहेत का तेही.

एका प्रकाराबद्दल स्वतंत्र लिहिते, कारण मुलगी आहे. त्याला ‘विमेन्स पुल’ म्हणतात. एका अवघड चढाच्या पायथ्याशी मुलग्यांना बाजूला काढतात आणि मुली एकट्याने गाड्या वर नेतात. मुलगे वर टोप्या काढून गप्प उभे राहतात, मदत करायची नाही. कारण असं सांगतात की पुरुष सैन्यात गेले होते. सैन्यातली ती तुकडी, मॉर्मन बटालियन, १८४६ ची, हातगाड्या दहा वर्षांनी आल्या, त्यामुळे हा जोड काही पटत नाही. पण हातगाडीच्या बायका एकट्या पडल्या हे खरंच आहे, कारण त्या दोन तुकड्यांत बायकांपेक्षा पुरुष जास्त मेले. मुलींना हा प्रसंग बहुधा आवडतो आणि आयुष्यभर लक्षात राहतो, हे मी ऐकत आलेय. मला तो चालतो, दोन अटींवर: गाडीतलं वजन आधी उतरवलेलं असावं, आणि ज्या मुलीला नको असेल तिला कोणी कारण विचारू नये. पाळी चालू असेल, दमा असेल, नुसता मूड नसेल, तिची मर्जी.

काही ठिकाणी याच्या पुढे जातात. मधूनच एखाद्या मुलाला ‘तू मेलास’ म्हणून कुटुंबातून उचलून नेतात, किंवा पिठाची पिशवी बाळ म्हणून वागवायला देऊन ती पुरायला लावतात. हे मला अजिबात मान्य नाही. घरात नुकताच मृत्यू झालेलं एखादं मूल गटात असतंच, आणि ते कोण हे लीडरला माहीत नसतं. असं काही करणार आहात का, हे सरळ विचारा. विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

गोष्टींची अतिशयोक्तीही खूप चालते. स्वीटवॉटर नदी ओलांडताना सॉल्ट लेकहून मदतीला आलेल्या अठरा वर्षांच्या तीन मुलांनी सगळ्यांना पाठीवर नेलं आणि ते त्यातच गेले, असं तुमच्या मुलीला नदीकाठी सांगितलं जाण्याची शक्यता बरीच आहे. खरं म्हणजे मदतीला आणखी लोक होते, सगळ्यांना उचलून न्यावं लागलं नव्हतं, आणि ते तिघेही पुढे कित्येक वर्षं जगले. त्यांच्यातला डेव्हिड किंबॉल १८८३ मध्ये वारला. थंडगार पाण्यात उतरून अनोळखी माणसाला खांद्यावर घेणं एवढंही पुरेसं मोठं आहे, त्यासाठी त्यांना मारायची गरज नव्हती. तसंच ही वाट ज्यांच्या मुलखातून जाते त्या शोशोनी लोकांबद्दल ट्रेकमध्ये फारसं बोललं जात नाही. मुलगी वाचणारी असेल तर तिला आधी थोडं वाचून जाऊ दे.

जेवण: मांसाहारी स्ट्यू, ब्रेड रोल, पॅनकेक, डच अवनमधले बटाटे असा बेत असतो. एखाद्या जेवणाला मुद्दाम नुसतं सूप आणि रोल देतात, आणि ते सूप बहुतेकदा चिकनचं. शाकाहारी आहोत हे नोंदणीच्या फॉर्मवर लिहाच, वर स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या बाईंना फोन करा. थेपले, शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, भडंग मेडिकल टीमच्या मोटारीत ठेवायला कोणी हरकत घेत नाही. चहा-कॉफी मिळणार नाही, त्यांच्यात ती वर्ज्य आहे. मुलगी रोज दोन कप पीत असेल तर आठवडाभर आधीपासून कमी करा. पहिल्या दुपारचं डोकं दुखणं उन्हाचं की चहाचं, हे मला मग ओळखावं लागत नाही.

धर्माचं. ट्रेक पहिल्यापासून शेवटपर्यंत धार्मिक असतो, हे कोणी लपवत नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, धर्मग्रंथ घेऊन एकट्याने बसायचा एक तास, शेवटच्या रात्री उभं राहून आपापल्या श्रद्धेबद्दल बोलणं. डाव म्हणणार नाही मी, पण मुलगी जवळ यावी अशी आशा त्यांना असते, आणि ट्रेकनंतर दोन मिशनरी पोरं दारात उभी राहिली तर दचकू नका. नको म्हटलं की हसून जातात, पाणी विचारलंत तर आनंदाने पितात. आईवडिलांच्या परवानगीशिवाय त्या वयाच्या मुलीचा बाप्तिस्मा करत नाहीत. तिला एवढंच सांगा की प्रार्थनेला शांत उभं राहायचं, बोलायची सक्ती नाही. दमलेल्या, रडून मोकळ्या झालेल्या मुलांना त्या रात्री फार मोठं काही उमगल्यासारखं वाटतं. घरी आल्यावर तिने काही सांगितलं तर लगेच वाद घालू नका, दोन दिवस झोपू दे.

एकट्याने बसायच्या त्या तासात बऱ्याच ठिकाणी मुलांना आईबाबांचं पत्र देतात, मुलांना आधी कळू न देता. तुमच्याकडे ते मागतील. मराठीत लिहा, आणि उपदेश नको.

थोडक्यात माझं मत विचाराल तर पाठवा, पण पालकांच्या सभेला स्वतः जाऊन. उतार, विजा, मेडिकल टीममध्ये खरोखर कोण आहे, आणि नको म्हणणाऱ्या मुलाचं काय करतात, या चार प्रश्नांना नीट उत्तरं मिळाली तर बाकी सगळं जमतं. यातल्या एकालाही ‘श्रद्धा ठेवा’ असं उत्तर आलं तर नाही म्हणा, मुलगी रुसली तरी. बूट मात्र या शनिवारीच आणा. नाही गेली तरी शाळेला चालतील.